कॉर्डलेस हत्यारं घेताना डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

कॉर्डलेस ड्रिलची एक निकामी बॅटरी माझ्यासमोर टेबलावर उघडून ठेवली आहे. तळाचे चार स्क्रू काढले की कवच दोन भागांत सुटतं. आत दहा गोल सेल, अंगठ्याएवढे जाड, पाच-पाचच्या दोन रांगांत दाटीने बसलेले. टोकांवर निकेलच्या पातळ पट्ट्या वेल्ड केलेल्या आणि वर एक छोटं सर्किट. हिच्यावर '१८ व्होल्ट' छापलं आहे. शेजारी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रंगाची आणि '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेली बॅटरी आहे. तिच्याही पोटात तेच, पाच-पाच सेलच्या रांगा.

मग हे जास्तीचे दोन व्होल्ट आले कुठून?

लिथियम-आयन सेलचा व्होल्टेज एका आकड्यावर थांबत नाही. पूर्ण चार्ज झाला की तो ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, काम सुरू झालं की उतरतो आणि बराच वेळ ३.६ च्या आगेमागे राहतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीत वीस-एकवीस व्होल्ट दिसतात आणि काम करताना सरासरी १८ मिळतात. कोणी पहिला आकडा छापतं, कोणी दुसरा. डिवॉल्ट अमेरिकेत ज्या बॅटऱ्या '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकते, त्याच युरोपात '१८ व्होल्ट' नावाने जातात. '१२ व्होल्ट मॅक्स' म्हणजे तीन सेल, सरासरी १०.८. '४० मॅक्स' म्हणजे दहा सेल, सरासरी ३६. '६० मॅक्स' म्हणजे पंधरा सेल, सरासरी ५४. कुठल्याही कंपनीचा व्होल्टचा आकडा समोर आला की मनातल्या मनात त्याचे सेल मोजा. अठरा आणि वीस ही एकच गोष्ट आहे हे एकदा पक्कं झालं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. अनोळखी नावांच्या काही हत्यारांवर ४८, ८८ असेही आकडे असतात. तिथेही सेलच मोजायचे. बऱ्याचदा ते पाचच निघतात.

व्होल्टइतकाच अर्धवट वाचला जाणारा दुसरा आकडा म्हणजे अँपिअर-अवर. हा साठा सांगतो, पण एकट्याने नाही. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की वॅट-अवर मिळतात आणि बॅटरीत खरोखर किती ऊर्जा आहे ते तेव्हा कळतं. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. १८ व्होल्ट २ अँपिअर-अवर म्हणजे फक्त ३६. हायकोकीची 'मल्टी व्होल्ट' बॅटरी याचा चांगला नमुना आहे. ३६ व्होल्टच्या हत्यारात ती २.५ अँपिअर-अवरची असते आणि १८ च्या हत्यारात लावली की ५ ची होते. दोन्हीकडे गुणाकार ९०. डिवॉल्टने २०१६ मध्ये आणलेल्या 'फ्लेक्सव्होल्ट'मध्येही हीच युक्ती आहे. पंधरा सेल कधी तीन रांगांत विभागून जोडले जातात, कधी एका लांब साखळीत. पहिली बॅटरी १८ ला ६ आणि ५४ ला २ अँपिअर-अवरची होती. दोन्ही गुणून पाहा, १०८ च येतात. व्होल्ट वाढवल्याने बॅटरीतली ऊर्जा वाढत नाही. तेवढंच काम कमी करंटमध्ये होतं, म्हणून वायर, स्विच आणि मोटर कमी तापतात. जड कामाच्या हत्यारांसाठी कंपन्या जास्त व्होल्टकडे वळल्या त्या याच कारणाने.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि डब्यावर कधीच न छापली जाणारी गोष्ट. तेच ड्रिल छोटी बॅटरी लावली की दमल्यासारखं चालतं आणि मोठी लावली की जोरात चालतं. अनेकांना वाटतं की मोठी बॅटरी फक्त जास्त वेळ टिकते. तसं नाही, ती जास्त जोरही देते. प्रत्येक सेलला स्वतःचा थोडा आतला विरोध असतो. तो सेलमागे २० मिलिओहम धरू. पाच सेलची एकच रांग असलेल्या २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत मिळून १०० मिलिओहम झाले. ड्रिलने ३० अँपिअर ओढले की ३ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात. मोटरला १८ ऐवजी १५ मिळतात आणि ९० वॅटची उष्णता बॅटरीच्या पोटात तयार होते. दोन रांगांच्या बॅटरीत हा विरोध निम्मा होतो. तूट दीड व्होल्टची आणि उष्णता ४५ वॅटची. म्हणून एका कंपनीचं ड्रिल २ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर आणि दुसऱ्याचं ५ च्या बॅटरीवर चालवून केलेली तुलना ही हत्यारांची तुलनाच नसते.

सेलचा आकारही इथे येतो. जुन्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचे सेल असतात, म्हणजे १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब. नव्या मोठ्या बॅटऱ्यांत २१७०० असतात, २१ जाड आणि ७० लांब. त्यांत साठा जास्त मावतो. त्यामुळे एकाच रांगेची ४ अँपिअर-अवरची आटोपशीर बॅटरी शक्य झाली. डिवॉल्टने २०२१ मध्ये 'पॉवरस्टॅक' नावाने चपट्या सेलची बॅटरी आणली, इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. चपट्या सेलचा आतला विरोध कमी असतो, म्हणून लहान बॅटरीतूनही चांगला जोर मिळतो.

टॉर्क

ड्रिलच्या डब्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, असतो, आणि सगळ्यात जास्त दिशाभूलही हाच करतो. आकडा खोटा असतो असं नाही. तो कुठल्या परिस्थितीत मोजला ते डब्यावर नसतं, एवढंच.

एक हिशोब करून पाहा. डब्यावर ६० न्यूटन-मीटर आणि २,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) असे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. टॉर्कला आरपीएमने गुणून ९,५५० ने भागलं की किलोवॅट मिळतात. इथे उत्तर येतं साडेबारा किलोवॅट. ही मोटारसायकलच्या इंजिनाची ताकद झाली. १८ व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअर ओढले तरी ७२० वॅट होतात, म्हणजे एक किलोवॅटही नाही. अर्थ सरळ आहे. हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. ६० न्यूटन-मीटर पहिल्या गिअरला, ड्रिल अडकून थांबण्याच्या बेतात असताना मिळतात. २,००० आरपीएम दुसऱ्या गिअरला, बिट हवेत मोकळं फिरत असताना मिळतात. तुमचं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं, आणि तिथला आकडा डब्यावर नसतो.

त्यातही टॉर्कचे दोन प्रकार आहेत. लोखंडात आट्यांवर बसणारा बोल्ट सरसर फिरतो आणि शेवटी एकदम थांबतो. त्या क्षणी मोटर आणि गिअर यांच्या फिरत्या वजनाचा झटकाही टॉर्कमध्ये मिसळतो. हा 'हार्ड' टॉर्क. लाकडात शिरणारा स्क्रू हळूहळू जड होत जातो, तिथे झटका नाही, सतत रेटा लागतो. हा 'सॉफ्ट' टॉर्क. बॉशच्या जीएसआर १८व्ही-५५ या ड्रिलच्या माहितीत २८ आणि ५५ असे दोन्ही आकडे दिलेले असतात. ड्रिल एकच, पण एक आकडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. समजा एका कंपनीने हार्ड तेवढा छापला आणि दुसरीचा तुम्ही सॉफ्ट वाचला, तर दुबळं ड्रिल दणकट वाटेल. लाकूडकाम करणाऱ्याने सॉफ्टचाच आकडा शोधावा. तो कुठेच दिला नसेल, तर त्या कंपनीचा छापील टॉर्क बाजूला ठेवून हातात घेऊन पाहण्यावर जास्त भरवसा ठेवावा.

एककांचीही सरमिसळ असते. अमेरिकन कंपन्या ड्रिलसाठी इंच-पाउंड वापरतात. एक न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड, म्हणून १,२०० इंच-पाउंड हा भारदस्त आकडा प्रत्यक्षात सुमारे १३५ न्यूटन-मीटर असतो. मोठ्या इम्पॅक्ट रेंचसाठी फूट-पाउंड येतात, तिथे १.३६ ने गुणायचं. डिवॉल्टच्या काही ड्रिलवर टॉर्क नसतोच, त्याऐवजी 'युनिट वॅट्स आउट' असतं. म्हणजे ते ड्रिल बाहेर किती वॅट देतं. मला हे माप जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात टॉर्क आणि वेग एकत्र येतात. पण त्याची शेजारच्या न्यूटन-मीटरशी थेट तुलना होत नाही.

इम्पॅक्ट ड्रायव्हरचा टॉर्क ड्रिलच्या टॉर्कशी ताडून पाहू नका. ड्रायव्हरवर १८० लिहिलं आहे आणि ड्रिलवर ६०, म्हणून ड्रायव्हर तिप्पट ताकदवान, असं नाही. ड्रायव्हरच्या आत एक छोटा हातोडा मिनिटाला तीन-चार हजार वेळा आडवा घाव घालतो. तो आकडा त्या घावांचा आहे, सलग रेट्याचा नाही. लांब स्क्रू बसवायला तो उत्तम, कारण झटका मनगटापर्यंत येत नाही. मोठ्या व्यासाचं भोक पाडायला मात्र ड्रिलच हवं. इम्पॅक्ट रेंच घेताना बोल्ट आवळण्याचा आणि गंजलेला सोडवण्याचा असे दोन वेगळे आकडे असतात. सोडवण्याचा नेहमी मोठा असतो आणि डब्यावर बहुधा तोच छापतात.

काँक्रीटसाठी तुलना सोपी आहे. 'हॅमर ड्रिल' लिहिलेलं साधं ड्रिल दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतं. विटेत ते चालतं, काँक्रीटमध्ये थकतं आणि थकवतं. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने खरा ठोका देतो. त्याचा जोर ज्यूलमध्ये मोजतात, आणि 'ईपीटीए' (युरोपीय हत्यार-उत्पादकांची संघटना) असं लिहिलेलं असेल तर ते ज्यूल एका ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. दोन्ही कंपन्यांच्या आकड्यापुढे ही अक्षरं असतील, तर ती तुलना निर्धास्त करा. एवढी सरळ तुलना कॉर्डलेस हत्यारांत दुसरी क्वचितच मिळेल.

ब्रशलेस म्हणजे काय हे थोडक्यात. जुन्या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्यावर घासत वीज पोचवतात. ठिणग्या उडतात, कार्बन झिजतो, घर्षणात ऊर्जा जाते. ब्रशलेसमध्ये चुंबक फिरतं, वेटोळं स्थिर असतं आणि कुठल्या क्षणी कुठे वीज द्यायची ते सर्किट ठरवतं. त्याच बॅटरीवर जास्त काम होतं आणि मोटर लांबीला लहान होते. रोजच्या कामाला ब्रशलेसच घ्या. मात्र 'ब्रशलेस' हा शब्द दर्जाचा दाखला नाही. एकाच कंपनीची स्वस्त आणि महाग दोन्ही ब्रशलेस ड्रिल असतात आणि त्यांच्या ताकदीत खूप अंतर असतं.

बॅटरीसोबत घर जोडलं जातं

१९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं, तेव्हा त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. लिथियम-आयन हत्यारांत आलं ते २००३ मध्ये बॉशच्या छोट्या 'इक्सो' स्क्रू ड्रायव्हरपासून. दोनच वर्षांत मिलवॉकीने २८ व्होल्टची दणकट हत्यारं त्यावर उभी केली. बॅटरी सरकवून बसवायचा खाचा प्रत्येकाने आपापल्या मापाचा केला, आणि तेव्हापासून ग्राहक ज्या रंगाची पहिली बॅटरी घेतो, त्याच रंगाची पुढची हत्यारं घेत जातो. म्हणून पहिल्या ड्रिलची तुलना करताना फक्त ड्रिलची तुलना करून भागत नाही. पुढच्या पाच वर्षांत काय काय लागेल याची यादी कागदावर लिहा आणि ती हत्यारं त्याच बॅटरीवर चालणारी आहेत का ते पाहा. सुताराला प्लंज सॉ, प्लेनर आणि नेलर लागतील. प्लंबरला पाइप कापायचं आणि प्रेस करायचं हत्यार लागेल. बागकाम असेल तर चेन सॉ आणि गवत कापायचं यंत्र. एका कंपनीचं ड्रिल थोडं कमी आणि यादीतली सगळी हत्यारं हजर असतील, तर मी डोळे झाकून तिच्याकडे जाईन.

मालक एकच म्हणून बॅटरी एकच असेल, असं धरू नका. मिलवॉकी आणि रायोबी या दोन्ही नावांची हत्यारं टीटीआय या एकाच उद्योगसमूहाची, पण बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत. डिवॉल्ट आणि ब्लॅक अँड डेकर यांचंही तसंच. बॉशच्या तर एकाच नावाखाली दोन घरं आहेत. घरगुती हिरव्या हत्यारांची १८ व्होल्टची बॅटरी आणि कारागिरांच्या निळ्या हत्यारांची १८ व्होल्टची बॅटरी वेगवेगळ्या आहेत. रंग पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. उलट दिशेनेही काही चांगलं घडलं आहे. मेटाबोने २०१८ मध्ये 'कॅस' नावाची युती केली, तिच्यात अनेक कंपन्यांची हत्यारं एकाच बॅटरीवर चालतात. रायोबीने १९९६ पासून आपला १८ व्होल्टचा खाचा बदललेला नाही. निकेल-कॅडमियमच्या काळात घेतलेल्या ड्रिलमध्ये आजची लिथियम बॅटरी बसते. इतकी वर्षं जुन्या ग्राहकाला सोबत नेणं ही साधी गोष्ट नाही, आणि तुलनेच्या तक्त्यात तिला कुठेच जागा नसते याचं मला वाईट वाटतं.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या हत्यारात बसवून देणारे ॲडॅप्टर मिळतात. इथे मी सावध करीन. बॅटरी फार रिकामी होण्याआधी तोडणारी यंत्रणा काही कंपन्या बॅटरीत ठेवतात, काही हत्यारात. ॲडॅप्टरने दोन्ही घरं जोडली की कधी कधी ती कुठेच उरत नाही. सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की त्याच्या आत कायमची इजा होते, आणि असा सेल नंतर चार्जरवर लावणं धोक्याचं आहे.

नकली बॅटरीचा मला एकदा फटका बसला आहे. '५ अँपिअर-अवर' लिहिलेली, मूळ बॅटरीच्या हुबेहूब रंगाची. पहिल्याच आठवड्यात ती निम्म्या वेळात संपू लागली. उघडली तर सेल दहाच होते, पण प्रत्येकावर १,३०० मिलिअँपिअर-अवर छापलेलं. दोन रांगांचे मिळून २.६, म्हणजे लिहिल्याच्या जेमतेम निम्मे. त्याहून वाईट म्हणजे मूळ बॅटरीत सेलच्या प्रत्येक जोडापासून सर्किटपर्यंत एक बारीक वायर जाते, कुठला सेल मागे पडतोय हे तिच्यावरून सर्किटला कळतं. इथे त्या वायरच नव्हत्या. तेव्हापासून मी नवी बॅटरी आधी वजनकाट्यावर ठेवतो. १८६५० च्या चांगल्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. दहा सेलचेच साडेचारशे ग्रॅम झाले, वर कवच आणि सर्किट. दोन रांगांची बॅटरी पाचशे ग्रॅमलाही पोचत नसेल तर आत काहीतरी कमी आहे. (धड बॅटरी मात्र कुतूहल म्हणून उघडू नका. पट्ट्यांवर पाना टेकला तरी शॉर्ट होऊन आग लागते.)

हातात घेऊन काय पाहायचं

मित्राकडे किंवा कामाच्या जागी दुसऱ्या कंपनीचं ड्रिल असेल तर अर्धा तास मागून घ्या. दोन्हींना सारख्याच अँपिअर-अवरच्या, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या लावा. एकाच जाड फळीत, २५ मिलीमीटरच्या सारख्याच नव्या बिटने भोकं पाडत जा आणि बॅटरी संपेपर्यंत मोजा. मी ही चाचणी केली तेव्हा डब्यावर मोठा टॉर्क असलेलं ड्रिल पहिली पाच-सहा भोकं झपाट्याने पाडून गेलं. मग ते तापलं, सर्किटने जोर आवरला आणि नंतर प्रत्येक भोकाला थांबून थांबून दाबावं लागलं. छोट्या आकड्याचं ड्रिल शेवटपर्यंत एका लयीत चाललं आणि एकूण भोकं त्याचीच जास्त भरली. ती लय कुठल्याच डब्यावर छापता येत नाही.

भोकं मोजून झाली की बारकावे पाहा. ट्रिगर अगदी हळू दाबल्यावर चक (बिट धरणारा जबडा) सावकाश, न अडखळता फिरतं का? लहान स्क्रूचं डोकं फुटणं न फुटणं इथे ठरतं. लांब सरळ बिट लावून फिरवलं तर टोक गोल गोल डुगडुगतं का? क्लचच्या (ठरलेल्या जोराला फिरणं तोडणाऱ्या कडीच्या) पहिल्या दोन-तीन आकड्यांवर पातळ पट्टीत स्क्रू हलकेच थांबतो का, की पट्टीतून आरपार जातो? बॅटरी लावून हात डोक्यावर धरा आणि मिनिटभर तसेच ठेवा. छताला काम करणाऱ्याला शंभर ग्रॅमचा फरक दिवसाच्या शेवटी खांद्यात जाणवतो.

ग्राइंडर घेणार असाल तर ताकदीच्या आधी ब्रेक पाहा. ट्रिगर सोडल्यावर चकती किती सेकंदांत थांबते, चकती अडकून झटका बसला तर हत्यार आपोआप बंद होतं का, आणि स्विच चालू ठेवून बॅटरी लावली तर ते अचानक सुरू तर होत नाही ना. रोटरी हॅमर आणि ग्राइंडरच्या माहितीपुस्तिकेत कंपनाचा आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. युरोपीय नियमांनुसार आठ तासांच्या कामात २.५ च्या वर गेलं की मालकाला उपाय करावे लागतात आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. वर्षानुवर्षं जास्त कंपन सोसलं की बोटं बधिर आणि पांढरी पडतात, ती पुन्हा पूर्वीसारखी होतीलच असं नाही. रोज हत्यार धरणाऱ्याने टॉर्कच्या आधी हा आकडा वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

चार्जरही तुलनेत घ्या. ५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच अँपिअरच्या चार्जरवर दोन तासांहून जास्त घेते. दोन बॅटऱ्या आणि जलद चार्जर असेल तर काम थांबत नाही. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नका, आणि महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून थंड जागी ठेवा.

काही कामांत मात्र दोन कॉर्डलेस कंपन्यांची तुलना करण्याआधी वायरवाल्या हत्याराशी तुलना करावी लागते. वेल्डिंगच्या शिवणी सलग घासणारा ग्राइंडर दाबून चालवला की सहज ९०० वॅट ओढतो. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॅट-अवर आहेत. भागाकार केला की सहा मिनिटं येतात. तासभर घासायचं तर दहा बॅटऱ्या हव्यात, आणि तापलेली बॅटरी बहुतेक चार्जर लगेच घेत नाहीत, थंड होईपर्यंत थांबवून ठेवतात. शिडीवर, छपरावर किंवा वीज नसलेल्या जागी चार कट मारायचे असतील तर कॉर्डलेस ग्राइंडरसारखं दुसरं काही नाही. टेबलावर दिवसभर घासायचं असेल आणि हाताशी प्लग असेल, तर कुठल्याही रंगाची बॅटरी न घेता वायरवाला ग्राइंडर घ्या.